जबलपूरच्या बॅगेतली साडी

जबलपूरला जाऊन आले म्हटल्यावर कंपनीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो संगमरवरी खडकांचा. भेडाघाट बघितलास का, धबधबा बघितलास का, बोटीत बसलीस का? यातलं मी काहीच बघितलं नाही. मी बघितलं ते जबलपूरचं स्टेशन, एक लॉज, मुलींचं एक होस्टेल आणि संध्याकाळी नर्मदेचा घाट. तरी प्रवासाहून आलेला माणूस काहीतरी सांगतोच, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांची मुलं यंदा बाहेरगावी शिकायला निघाली आहेत त्यांनी हे वाचावं. बॅग भरायच्या आधी वाचलं तर जास्त बरं.

घाटकोपर

आम्ही भटवाडीत राहतो. मी, समूचे पप्पा, सासूबाई आणि समू, म्हणजे समीक्षा, जिला जबलपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. पप्पा बस चालवतात. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंगवर सुपरवायझर आहे. भरलेलं खोकं उचलून हलवायचं, आतून आवाज आला तर पॅकिंग कच्चं, परत उघडायचं, हे मी नव्या पोरींना शिकवते. त्यामुळे लेकीची बॅग भरणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी घरात ऐटीत सांगून ठेवलं होतं.

पण आमच्याकडे बॅग भरायची ती गावाला जायची. साताऱ्याकडे निघालो की सगळ्यांचे कपडे एका बॅगेत, खाणं दुसरीत, उरलेलं पिशव्यांत. एकट्या माणसाची बॅग आमच्या घरात कधी भरलीच गेली नव्हती. पहिल्याच दिवशी समूच्या बॅगेत सवयीने पप्पांचा टॉवेल गेला, माझी चप्पल गेली, आणि ती वैतागली. मग बादलीवरून भांडण झालं. बादली तिकडे मिळत नाही का, असं तिचं म्हणणं. घरातली नेली तर काय बिघडतं, असं माझं. उशीवरून झालं, कांदा-लसूण मसाल्यावरून झालं. शेजारची म्हणाली, "पोरगी जायच्या आधीच तुम्ही तिला हाकलताय की काय?" मी हसले, पण ते मला लागलं.

खरं भांडण झालं ते साडीवरून. सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा लावून त्या कॉटवर बसून असायच्या आणि कोण काय भरतंय ते आवाजावरून ओळखायच्या. एका दुपारी त्या उठल्या, भिंतीला धरत कपाटापाशी गेल्या आणि हाताने चाचपून एक साडी काढून आणली. पांढरी सुती, बारीक निळ्या काठाची.

"ही ठिव पोरीला," त्या म्हणाल्या. "पौर्णिमा आली, काय चांगलं झालं, तर तिनं काय ती फाटकी पँट घालायची?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बौद्ध. आमच्यात पांढरं म्हणजे शुभ. मी लग्नात पांढरी साडी नेसले होते. बुद्ध पौर्णिमेला आमची अख्खी गल्ली पांढरे कपडे घालून बाहेर पडते. समूच्या नामकरणाला सासूबाई जी साडी नेसल्या होत्या ती हीच. तेव्हापासून त्यांनी ती फार जपली होती.

समूने मला ओट्यापाशी गाठलं. "मम्मी, नको ना यार. मला नेसता पण येत नाही."

"शिकशील."

"आणि कुणी विचारलं, ही पांढरी साडी कशाला, तर काय सांगू?"

"सांग, आमच्यात पौर्णिमेला नेसतात."

"बरं. मग पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न कोणता, ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. अकरावीत क्लासमधली एक मैत्रीण तिचे मार्क बघून म्हणाली होती, तुम्हाला काय टेन्शन, तुमचं होतंच. त्या दिवसापासून समूने त्या घोळक्यात डबा खाणं बंद केलं. घरी सांगितलं ते कितीतरी महिन्यांनी, तेही पप्पा नसताना. आमचं आडनाव मोरे. मोरे सगळ्यांत असतात, आणि जबलपूरला तर आडनावावरून कुणाला काहीच कळणार नाही. या गोष्टीचा तिला केवढा आधार वाटत होता, ते मला त्या दिवशी ओट्यापाशी कळलं. मला राग आला आणि वाईटही वाटलं. एवढी हुशार पोर, नव्या गावी निघाली, आणि तिला धाक कशाचा, तर एका प्रश्नाचा.

तिने साडी बॅगेतून काढली. सासूबाईंनी चाचपून बघितलं आणि परत ठेवली. हिने परत काढली. शेवटी मीच ती तळाशी, स्वेटरच्या खाली घातली आणि चेन ओढली. समू बघत होती. मी बॅग उचलून हलवली. आवाज आला नाही.

गाडीत

सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालायला माणूस हवा, म्हणून पप्पा घरीच थांबले. निघताना सासूबाईंनी समूचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाल्या, "खोली दाव मला फोनवर. दिसंल तेवढं बघीन." पप्पा बॅगा रिक्षात चढवून लगेच वर निघून गेले. त्यांना रडताना कुणी बघितलेलं चालत नाही.

कुर्ल्याच्या टर्मिनसवरून सुटलेल्या गाडीत काय घडतं ते सांगण्यासारखं नसतं. इटारसी सोडल्यावर मात्र मी खिडकी सोडली नाही. एका बाजूला डोंगर, सागाची झाडं, आणि सोयाबीनची शेतं इतकी सपाट, की आमच्या डोंगराळ भागातल्या माणसाला ती बघून आश्चर्यच वाटावं. समोरच्या आजोबांनी आमच्याकडच्या शेंगदाण्याच्या चटणीची चव घेतली आणि पाण्याची अख्खी बाटली संपवली. समू त्यांना हसली. घर सोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

मग माझ्या जवळ सरकून म्हणाली, "ती साडी मी कपाटात कुलपात ठेवणार."

"ठेव."

"आणि तिथे तू काही बोलायचं नाहीस. आमच्यात असं असतं, तुमच्यात कसं असतं, काही नाही. कुणी विचारलं तर मी बघून घेईन. प्रॉमिस कर."

"समू, अगं लपवायचंय काय त्यात?"

"मम्मी, तू परत जाणार आहेस. मी राहणार आहे तिथे."

मी प्रॉमिस केलं.

जबलपूर

जबलपूरला सकाळी पोहे आणि जिलबी एकत्र खातात. पोहे वाफवलेले, वर शेव आणि बडीशेप, फोडणीत आपल्यासारखा झणका नाही. खव्याची जिलबी म्हणून एक प्रकार मिळतो, काळपट आणि जाड, तो मात्र मी परत परत खाईन. सगळी माणसं एकमेकांना आप म्हणतात. चहावाला आपल्या लहान मुलालाही आप म्हणत होता. यातूनच आमची पहिली फजिती झाली. समूने लॉजबाहेरच्या रिक्षावाल्याला अस्सल घाटकोपरी हिंदीत विचारलं, "भैया, होस्टेल का कितना लेगा तू?"

तो पांढऱ्या मिशांचा माणूस शांतपणे म्हणाला, "बिटिया, हम तो आपसे आप कहकर बात कर रहे हैं।"

समूचे कान लाल झाले. मी माफी मागितली, पण तीही "वो क्या है, हमारे यहाँ ऐसाच बोलते" अशी मागितली. तो हसला आणि बॅगा स्वतः चढवू लागला. समू मात्र रस्ताभर बाहेर बघत बसली. तोंड उघडलं की आपण कोण ते बाहेर पडतं, असं काहीतरी तिच्या मनात चाललं असावं.

होस्टेलच्या खोलीत दोन कॉट होत्या. एकीवर मध्य प्रदेशातल्याच सतन्याची नंदिनी आधीच पोचली होती, चष्मेवाली, बडबडी. तिची आई तिच्या फळीवर देवाची छोटी तसबीर मांडत होती. बाई उमदी होती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तिच्याबद्दल वेगळं मत होऊ नये. आम्ही दारात उभ्या राहतो न राहतो तोच तिने खाऱ्या मठरीचा डबा पुढे केला आणि माझी बॅगांशी चाललेली धांदल बघून म्हणाली, "लाइए दीदी, हाथ बँटा दूँ।"

"नको, नको," मी मराठीतच म्हणाले, पण तोवर तिने बॅग पुढ्यात ओढली होती. समू कपाटाच्या कुलपाशी झटापट करत होती. चादरी निघाल्या, मसाल्याची बरणी निघाली, स्वेटर निघाला. आणि बाईचे हात थांबले. साडी तिने उचलली नाही. नुसती बघत राहिली, मग आवाज उतरवून मला म्हणाली, "दीदी… घर में कुछ हो गया क्या?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्याकडे पांढरी साडी बॅगेत येते ती एकाच कारणाने, घरात कुणी गेलं की. मी तोंड उघडलं, आणि गाडीतलं प्रॉमिस आठवून तसंच उघडं ठेवलं.

समू कुलूप हातात घेऊन वळली. "आजी गई हमारी," ती म्हणाली. "पिछले महीने।"

नंदिनीच्या आईने समूला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तभी तो बच्ची का मुँह इतना उतरा हुआ है," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खऱ्या मायेने आलं होतं, तेच मला सहन होईना. तिच्या खांद्यावरून समू माझ्याकडे बघत होती. बोलू नकोस, एवढंच त्या नजरेत होतं.

तेवढ्यात कॉटवरचा समूचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, पप्पांचा. म्हणजे सासूबाईच. समूने झडप घालून तो कापला. "नेटवर्क नहीं है," ती म्हणाली. लगेच माझ्या पर्समध्ये वाजायला लागला. मी पर्स छातीशी धरून खोलीबाहेर गेले, पार जिन्याच्या कोपऱ्यापर्यंत.

"जय भीम," सासूबाई पलीकडून नेहमीसारख्या जोरात म्हणाल्या. पडद्यावर नुसता काळा चष्मा आणि कपाळ दिसत होतं.

"जय भीम, आई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. मी आजूबाजूला बघून घेतलं होतं, हेही माझ्या लक्षात आलं.

"साडी ठिवली नव्हं?"

"ठेवली. कपाटात."

"दाव की खोली. पोरगी कुटं हाय?"

"नंतर दाखवते आई. इथे फार गर्दी आहे," मी म्हणाले. जिन्यात चिटपाखरू नव्हतं.

ग्वारीघाट

माझी परतीची गाडी त्याच रात्री होती. मधल्या वेळात समूला घेऊन नदीवर जाऊन यावं, तिथे तिच्याशी नीट बोलावं, असं मी ठरवलं होतं. पण नंदिनीच्या आईने ऐकलं आणि म्हणाली, चला, आम्हीही येतो. त्यामुळे आम्ही चौघी एका रिक्षात बसलो. सबंध वाटेत ती मला विचारत होती. आजीचं वय काय होतं, आजार कोणता होता, तेरावं नीट पार पडलं ना. मी हूं हूं करत होते. दर उत्तराला माझ्या सासूला मी आणखी थोडं मारत होते, असं मला वाटत होतं.

नर्मदा मी पहिल्यांदा बघितली. आपल्याकडच्या नद्या पावसाळ्यात धावतात, ही धावत नव्हती. रुंद, गढूळ, भरलेली, पायऱ्यांवर चढत आलेली. बोटी बांधून ठेवल्या होत्या. पलीकडच्या काठावर दिवे लागत होते, अलीकडे आरतीची तयारी चालली होती, आणि बायका पानांच्या द्रोणांत फुलं आणि पणती ठेवून पाण्यात सोडत होत्या. ते दिवे डुलत डुलत पुलाच्या दिशेने जात. फार सुंदर दिसतं ते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिथे बसून राहिले असते.

नंदिनीची आई दोन द्रोण घेऊन आली. एक नंदिनीला दिला. दुसऱ्यातली पणती पदराआड पेटवून तिने तो समूच्या हातात ठेवला.

"लो बेटा। दादी के नाम से छोड़ दो।"

समूने द्रोण घेतला. शेवटच्या पायरीवर गेली, पाणी तिच्या चपलांना लागत होतं. वाकली. आणि तशीच वाकून राहिली.

तिकडे घाटकोपरला म्हातारी काळा चष्मा लावून फोनची वाट बघत बसली असेल, आणि इकडे तिच्या नावाचा दिवा पाण्यात निघालाय. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी ओरडले असते तर ते माझं झालं असतं, आणि इथे राहायचं होतं तिला. सोडून दे आणि मोकळी हो, असंही एका क्षणी मनात आलं. वाटलं, कुणाला कळणार आहे? मी जाग्यावरून हलले नाही.

समू सरळ झाली. द्रोण तसाच हातात. "आंटी," ती म्हणाली, "नहीं छोड़ सकती।"

"क्यों बेटा?"

"आजी जिंदा है। मैं झूठ बोली।"

आंटींना वाटलं, पोर दुःखाने काहीतरी बरळतेय. त्या पुढे झाल्या. समू एक पायरी वर आली आणि तिच्या तोडक्या हिंदीत बोलत सुटली. आमच्यात पांढरं शुभ असतं. माझ्या मम्मीचं लग्न पांढऱ्या साडीत झालं. ती साडी आजीने दिली, चांगल्या दिवशी नेसायला. "हम बौद्ध हैं," ती म्हणाली. "वो बताना नहीं था, इसलिए आजी को मार दिया।" आणि मग तिला रडू फुटलं. हुंदके येत होते तरी पणती विझू नये म्हणून ती द्रोण सांभाळत होती.

आंटींनी माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघितलं, मग नदीकडे. "अच्छा," एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दात काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित फसवलं गेल्याचा राग असेल, आणि तो असता तर रास्तच होता. कदाचित दुसरंही काही असेल.

हलली ती नंदिनी. तिचा स्वतःचा दिवा केव्हाच दूर गेला होता. तिने समूच्या हातातून द्रोण काढून घेतला. "ला, मैं छोड़ देती हूँ। मेरे दादाजी सच में गए हैं," ती म्हणाली, आणि वाकून तो पाण्यात सोडला.

परतताना आंटी रिक्षात पुढे, चालकाशेजारी बसल्या. मागे आम्ही तिघी. होस्टेलच्या फाटकाशी मी समूला मिठी मारली, तेव्हा ती कानात म्हणाली, "मम्मी, वाट लागली ना?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

परत

परतीच्या गाडीत माझ्याकडे एकच पर्स होती आणि हात रिकामे वाटत होते. नंदिनीच्या आईने खोली बदलून मागितली असेल का, समू आज जेवायला कुणाबरोबर बसली असेल, हेच डोक्यात. मी फोन केला नाही. तिचाही आला नाही. आणलेली जिलबी घरी येईपर्यंत घट्ट झाली होती, पप्पांनी ती तशीच खाल्ली. काय काय झालं, असं त्यांनी विचारलं. सगळं नीट झालं, एवढंच मी सांगितलं. सासूबाईंसमोर बाकीचं सांगणार तरी कसं?

रविवारी सकाळी पप्पांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत नाकाजवळ धरला. आम्ही दोघं त्यांच्या मागे.

"बघ आजी, खोली," समू म्हणाली. खिडकी दाखवली, टेबल दाखवलं, बादली दाखवली, तिकडे घेतलेली, लाल.

"साडी दाव."

समूने फोन कपाटाकडे वळवला. कुलूप कुठे दिसत नव्हतं. दार उघडंच होतं, आणि वरच्या कप्प्यात, सगळ्यांच्या वर, पांढरी घडी.

तेवढ्यात पडद्यात बाजूने एक चष्मा घुसला. "नमस्ते आजी!" नंदिनी होती. त्याच खोलीत, त्याच कॉटवर, केस विंचरत.

"जय भीम गं बाय," सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तू कोन?"

नंदिनीने त्यांना नीट न्याहाळलं. काळा चष्मा, कपाळ, पदर. मग हसू दाबत म्हणाली, "आजी, आप तो चली गई थीं ना?"

समूने तिच्या पाठीत धपाटा घातला. सासूबाईंना हिंदी अर्धवटच कळतं. त्यांनी फोन आणखी जवळ घेतला.

"काय म्हनती ती? मी कुटं गेले?"

पप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी पदराने तोंड पुसायला घेतलं. पलीकडे समूने फोन स्वतःकडे वळवला.

"कुठेच नाही, आजी."

"मग? हितंच हाय की मी," सासूबाई म्हणाल्या. "नीट बघ म्हनावं तिला."